माझ्या तळाच्या अकरा खाचा

मित्रांनो, मी एक जुनी, हाताने फिरवायची कॉफीची चक्की आहे. लाकडी पेटी, वर लोखंडी दांडा, खाली पूड पडायला छोटा खण. कुरकुरत का होईना, पण अजून दळते. आजकालच्या विजेच्या यंत्रांनी हे जरा ऐकून ठेवावं!

माझा जन्म जर्मनीतल्या येना शहराजवळच्या एका खेड्यातला. आउगुस्ट क्रेमर नावाच्या तरुण शेतमजुराने मला सुताराकडून घेतलं. स्वतःची जमीन हवी म्हणून तो अमेरिकेला निघाला, बरोबर मीही. विस्कॉन्सिनच्या जंगलात त्याने झाडं तोडली, ओंडक्यांचं घर बांधलं. ती जमीन काही रिकामी नव्हती बरं का. तिथली मूळची माणसं सामान पाठीवर घेऊन आमच्या दारावरून निघून गेली. आउगुस्ट मान खाली घालून मला फिरवत राहिला. मला ते आजही खटकतं.

मग तिथे यादवी युद्ध पेटलं. आउगुस्ट मला पिशवीत घालून सैन्यात गेला. एका तंबूत बारा जण, सगळ्यांची कॉफी मीच दळायची. काय कौतुक व्हायचं माझं! कॉफी संपली तेव्हा मी भाजलेले जवही दळले. चार वर्षांनी त्या बारांपैकी एकटा आउगुस्ट परतला, डाव्या हाताची दोन बोटं गमावून. त्याने सुरीने माझ्या तळावर अकरा खाचा पाडल्या. पुढे रोज सकाळी तो आधी अकरा दाणे मोजून टाकायचा, त्या अकरा जणांचे. मग स्वतःपुरती मूठ.

म्हातारपणी तो मुलाला घेऊन येनाला परत आला आणि तिथेच वारला. घरातली रीत मात्र चालू राहिली. मुलगा, नातू, मग पणती हिल्ट्रूड, सगळे अकराच दाणे टाकत. आउगुस्टच्या नावाचा दाणा टाकावा असं कुणालाच सुचलं नाही. मला बोलता आलं असतं तर कधीच सांगितलं असतं.

गेल्या वर्षी चौऱ्याऐंशीच्या हिल्ट्रूडला वृद्धाश्रमात जावं लागलं. तिच्यामागे कुणीच नव्हतं. तिने मला वरच्या मजल्यावरच्या मराठी शेजारणीकडे, सरिताकडे सोपवलं, अकरा दाण्यांची गोष्ट सांगितली आणि रीत मोडू नका एवढंच मागितलं. सरितानेही ती पाळली. पण सप्टेंबरात तिच्या सासूबाई यमुनाबाई पुण्याहून आल्या. पितृपक्ष चालू होता, मिक्सर बिघडलेला आणि सरिता ऑफिसात. यमुनाबाईंनी मला स्वच्छ पुसून माझ्यात चक्क धने-जिरे दळले. काय सांगू, जीव घुसमटला माझा!

नेमकी त्याच आठवड्यात, रविवारी हिल्ट्रूड कॉफीला येणार होती. सरिताने खण उघडून वास घेतला आणि सासूबाईंना अकरा दाण्यांची गोष्ट सांगितली. सगळं कळल्यावर यमुनाबाई रडकुंडीला आल्या. त्यांनी तीनदा तांदूळ दळून वास काढायचा प्रयत्न केला. पण जिरं कसलं हटतंय!

हिल्ट्रूडने पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला. सरिताची नऊ वर्षांची अन्वी मराठी समजते पण उत्तर जर्मनमध्येच देते. तिच्या मदतीने यमुनाबाई बोलल्या.

"चूक माझी आहे. आमच्याकडे या दिवसांत गेलेल्यांसाठी पान वाढतात. त्याच पानासाठी मी मसाला दळला, आणि तुमच्या माणसांची कॉफी बिघडवली."

हिल्ट्रूडने माझ्या दांड्यावरून हात फिरवला.

"आल्झो, बरं तर," ती म्हणाली, "युद्धात हिने जवसुद्धा दळलेत. जिऱ्याने काय होतंय?"

मग तिने अन्वीला पुन्हा दळायला सांगितलं. अन्वीने एकेक करत अकरा दाणे टाकले आणि मग आणखी एक उचलला. हा कुणाचा, असं हिल्ट्रूडने विचारलं. अन्वीने आधी जर्मनमध्ये सांगितलं, मग आजीकडे वळून अडखळत मराठीत.

"आउगुस्ट आजोबांचा. त्यांचा कुणी टाकलाच नाही ना."

हिल्ट्रूडला रडू आवरेना. यमुनाबाईंनी तिचा हात धरला. आणि मी? सव्वाशे वर्षं मी त्या एका दाण्याची वाट पाहत होते, मित्रांनो.

तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू आली, तर तिच्यात काही घालण्याआधी ती कुणाची होती एवढं विचारा. आम्हाला स्वतःहून सांगता येत नाही. आता मी रोज बारा दाणे दळते. जिऱ्याचा वास अजून थोडा येतो, पण आउगुस्टला चालेल.