भरावाखालची फुलं

रीमाने चपला काठावर काढल्या आणि खुरपं घेऊन ती खड्ड्यात उतरली. काल्हेरच्या त्यांच्या शेतात गोदामाचा पाया खणला होता. थोड्या वेळात त्यात काँक्रीट पडणार होतं.

"दादा, मिक्सरवाल्याला जरा थांबायला सांग. हा एवढा तुकडा मला अख्खा काढू दे."

"चिखलाचा तुकडा?" मनोज वरून म्हणाला. "शोकेसमदी ठेवायचा हाय का?"

"कॉलेजात न्यायचाय. बघ, खाली काळा गाळ, त्यात शिंपल्या. ती जुनी खाडी. आणि इथून वर..."

तिने बोट वर सरकवलं. गाळ आणि वरचा मातीचा भराव यांच्यामध्ये हातभर जाड रंगीत पट्टा होता. पॉवरलूमचे धागे, गुटख्याच्या पुड्या, पिशव्यांवर पिशव्या.

"इथून माणसाचं युग सुरू होतं. सर म्हणतात, लाखो वर्षांनीही खडकात ही रेघ दिसेल. आणि ती आपल्या शेतात आहे, दादा."

"कलियुग तर कवाचं चालू हाय. अर्धा तास देतो, चल."

पूजा आटोपून निर्माल्य खाडीत सोडायला निघालेली त्यांची आई, गुणाबाई, हे ऐकून काठाशी थांबली. हातात गाठ मारलेली पिशवी होती.

"रीमा, ती निळी पिशवी बग. दोन गाठींची."

रीमाने खुरप्याने तिच्याभोवतीची माती सैल केली. पिशवीत सुपारी, हाराचा नायलॉन दोरा आणि चिमूटभर चिखल.

"माझीच ती." गुणाबाई अनवाणी खाली उतरली. "तुझ्या वेळंला वज्रेश्वरीला नवस बोलले व्हते, रोज फूल वाहीन म्हणून. तवा पाणी इथवर यायचं. देवीचं फूल कुणाच्या पायाखाली नको, म्हणून गाठ मारून सोडायचे." तिने पट्ट्यावरून हळूच हात फिरवला. चेहरा उजळला होता. "म्हंजी लाख वर्सांनी लोकं बगतील? माझ्या देवीची फुलं?"

"पिशवी बघतील, आई," रीमा घाईघाईने कापत म्हणाली. "फुलं कधीच कुजून गेली."

रस्त्यावर मिक्सरचा घरघराट ऐकू आला. त्याच क्षणी तुकडा मातीतून सुटला, अख्खा, सगळ्या रंगांसकट. रीमाने तो छातीशी धरला, हसू आवरेना तिला.

"आई, धर खालून. फुटेल."

"थांब जरा. आज फुलं मोकळीच सोडते."

गुणाबाई आजच्या पिशवीची गाठ नखांनी सोडवत होती. गाठ घट्ट बसली होती.