पाऊण किलोचा नातू

सुईणबाई लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशात आल्या त्या मोठ्या तोऱ्यात. तीस वर्षांत चार गावांची बाळंतपणं त्यांच्या हातून झाली होती. तिथल्या डॉक्टरांनाही दोन गोष्टी शिकवून येईन, असं त्या निघताना सगळ्यांना सांगून आल्या होत्या. पण त्या आल्याच्या तिसऱ्याच दिवशी, सहावा महिना सरता सरता, लेक बाळंत झाली. मुलगा, वजन पाऊण किलो.

सुईणबाईंचा तोरा जागच्या जागी जिरला. एवढं कोवळं मूल त्यांच्या हातून कधी वाचलं नव्हतं. एकसुद्धा नाही. अशा वेळची त्यांची रीत ठरलेली होती. मूल आईला दाखवायचं नाही. मऊ कापडात गुंडाळून छातीशी धरायचं आणि श्वास थांबेपर्यंत जागचं हलायचं नाही. चेहरा पाहिला की बाई जन्मभर झुरते, असं त्यांचं म्हणणं. पाच वर्षांपूर्वी गावी याच लेकीची पहिली मुलगी अशीच त्यांच्या कुशीत गेली होती.

म्हणून त्या लेकीला एवढंच म्हणाल्या, "त्याला बघू नकोस."

लेकीने ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. नर्स चाकांची खुर्ची घेऊन चारदा आली. आईच्या छातीची ऊब मिळाली तर बाळाला बळ येईल, असं सांगून गेली. जावयाने परोपरीने विनवलं. पण लेक जागची हलली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुईणबाई जुनं मऊ लुगडं काखेत मारून स्वतःच बाळाच्या खोलीत गेल्या. पोर एकटं जाऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्याला माझ्याकडे द्या, असं नर्सला सांगा, म्हणून त्या सोबत आलेल्या जावयाला म्हणाल्या. जावयाने ते सांगितलं नाही, त्यांना पेटीपाशी नेलं.

काचेच्या पेटीत नातू होता. तळहाताएवढी छाती, नाकात दोऱ्यासारखी नळी. ती छाती वर होत होती, खाली होत होती. सुईणबाई बघतच राहिल्या. अशा मुलाचा तिसरा दिवस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. पुढे तशाच पेट्यांची रांग होती आणि प्रत्येकीत कुणीतरी जगत होतं. यातली वाचतात किती, असं त्यांनी जावयामार्फत विचारलं. नर्सने मान वर न करता सांगितलं, दहातली आठ.

माणसांनी हे करून ठेवलं होतं, आणि इथे ते रोजचं काम होतं. त्यांना हात जोडावेसे वाटले आणि त्याच वेळी गावाकडची पोरं आठवली. त्यांच्या कुशीत गार पडलेल्या पोरांना काहीच झालेलं नव्हतं. ती नुसती लवकर आली होती, आणि तिकडे आली होती.

सुईणबाई लेकीच्या खोलीत परतल्या. "ऊठ," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. पोरगा जगतोय."

लेकीने भिंतीकडचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. मग तिने विचारलं, "आई, ती पण जगली असती?"

"इथे असती तर जगली असती."

लेक रडली नाही. तिने चपला शोधत पाय खाली सोडले आणि पाच वर्षांत कधी न विचारलेलं विचारलं, "कशी होती गं ती?"

सुईणबाईंनी तिचा दंड धरला. "चल, दाखवते. हुबेहूब याच्यासारखी होती."