न कापलेले कोट

कपड्यांच्या दुकानामागच्या आमच्या शिवणखोलीत गिऱ्हाइकाचं नाव येत नाही. कपड्याला टाचलेल्या चिठ्ठीवर नुसते आकडे असतात: बाही इतकी कमी, कंबर इतकी आत. त्या सोमवारी माझ्या टेबलावर अकरा कोट पडले आणि अकराही चिठ्ठ्यांवर एकच मजकूर होता. डावी बाही पाऊण इंच कमी, उजव्या खांद्यात भर. हा खांदा मी ओळखत होते. लहानपणी झाडावरून पडल्यापासून माझ्या धाकट्या बहिणीचा उजवा खांदा उतरता आहे, आणि तिचे कपडे मीच बेतत आले आहे.

संध्याकाळी तिला विचारलं. "तुमच्या दुकानातल्या त्या बाईंचा फोन आला होता," ती म्हणाली. "किती गोड बोलतात गं, ताई."

गोड बोलणारच. ती साखरबाई. हे नाव आम्हीच ठेवलेलं. दुकानातली सगळ्यात जास्त माल खपवणारी. धाकटी एकदा मला तिच्या घराची किल्ली द्यायला आली होती, तेवढ्यात हिने तिचा नंबर टिपून घेतला होता.

धाकटीचा आजार असा की वर्षातून तीन-चारदा तिचं मन उधळतं. झोप उडते, तोंड थांबत नाही, आणि ती दिसेल ते विकत घेते. मग सगळं ओसरतं आणि ती महिनाभर न उघडलेल्या पिशव्यांकडे पाठ करून पडून राहते. डॉक्टरांनी बजावलं होतं, झोप ही पहिली खूण. किती तास झोपली ते रोज एका माणसाला खरं सांगायचं, म्हणजे औषध वेळेत वाढवता येतं. तिने मला निवडलं होतं.

आणि मी ते साखरबाईला सांगत होते. एकदा जेवणाच्या सुट्टीत मला रडू आवरेना, तेव्हा तिने मला जवळ घेतलं होतं. तेव्हापासून दर दोन दिवसांनी विचारायची, "बहीण कशी आहे गं? झोपते ना नीट?" मला वाटायचं, काय माया आहे या बाईला. मी सांगायचे, "कालपासून डोळ्याला डोळा नाही तिचा." ती चुकचुकायची, हात धुवायची आणि बाहेर जाऊन फोन लावायची. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या संध्याकाळी कळलं.

मालकाकडे जाता आलं असतं. तो ओरडला असता, हिने दोन टिपं गाळली असती आणि प्रकरण मिटलं असतं. मला ते मिटवायचं नव्हतं. मला हिला मुळापासून उपटायची होती.

दुकानाचा नियम आहे, कात्री लागलेला कपडा परत घेत नाहीत. म्हणूनच साखरबाईच्या चिठ्ठ्यांवर कायम 'तातडीचे' लिहिलेलं असायचं: घरच्यांनी परत आणायच्या आत कपडा कापला जावा. मी कात्री लावलीच नाही. जादा कापड आत दुमडलं, कच्चे टाके घातले, वरून इस्त्री फिरवली. मग तिच्या अक्षरातल्या बाकीच्या चिठ्ठ्या चाळून सारखी मापं जुळवली. ढिगाने घेऊन जातात, पण अंगाला बसतंय का ते बघायला कधीच परत येत नाहीत, अशी आणखी आठ गिऱ्हाइकं निघाली. आधीच्या हंगामांत मी त्यांचं किती कापलं असेल, देव जाणे. आता प्रत्येक पिशवीच्या तोंडाशी मी कागद ठेवू लागले: कापड अख्खं आहे, दोरा ओढला की घडी सुटेल. हंगामाच्या शेवटच्या शनिवारी परत घेऊन या, त्या दिवशी मालक स्वतः बसतात.

पण ढीग अजून मोठा हवा होता. सहा आठवड्यांनी धाकटी फोनवर म्हणाली, "ताई, काल दोनच तास." मी डॉक्टरांना कळवलं, पण तीन दिवसांनी. त्याआधी साखरबाईशेजारी बसून उसासा टाकला. "दोनच तास झोपली गं." आठवड्याच्या आत नऊ झगे माझ्या टेबलावर होते.

त्या शनिवारी दारापर्यंत रांग लागली. कुणाचा नवरा, कुणाची आई, कुणाचा मुलगा, सगळ्यांच्या हातांत पिशव्या. मालकाने स्वतः एक दोरा ओढून पाहिला आणि मग प्रत्येक पावतीवरचं विकणारीचं नाव वाचत गेला. दुपारी त्याने साखरबाईला माझ्या स्टुलावर बसवलं. सगळे टाके उसवायचे आणि घरी जायचं, पुन्हा यायचं नाही. छोटी कात्री मीच तिच्या हातात दिली.

"सावकाश," मी म्हटलं. "कापडाला भोक पडायला नको." खोटं कशाला सांगू, इतका गोड दिवस माझ्या वाट्याला कधी आला नव्हता.

"मैत्रीण म्हणायचीस मला," ती मान वर न करता म्हणाली.

"म्हणून तर."

संध्याकाळी उड्या मारत धाकटीकडे गेले. ती पलंगाच्या कडेला बसली होती.

"त्या बाईंचा फोन आला होता," ती म्हणाली. "माझ्या झोपेचं त्यांना तू सांगायचीस."

"ती काय करते ते मला माहीत नव्हतं गं."

"कोटांच्या वेळी नव्हतं. झग्यांच्या वेळी होतं ना?"

मी पलंगावरची चादर सारखी करू लागले. तिने पुन्हा विचारलं नाही.

आता मी रोज सकाळी फोन करते आणि ती सांगते, आठ तास. काल आठ, परवा आठ. आज न सांगता गेले. तिने सगळी कपाटं जमिनीवर ओतली होती आणि एकेक कपडा रंगांप्रमाणे लावत होती. डोळे लालभडक.

"किती तास झोपलीस?" मी विचारलं.

"आठ," ती म्हणाली, माझ्या डोळ्यांत बघत.