साहेबांच्या गालाचे रंग

फ्लेक्सचं दुकान चालवणाऱ्या समाधानच्या पदरात तीन गोष्टी पडायच्या होत्या: लोणी देवकरच्या एका कारखान्याचं कायमचं काम, बारामतीच्या फ्लेक्सवाल्यांत वजन आणि सासुरवाडीत एकदाचा मान. काम मेहुण्यानं, दादासोनं आणलेलं. तो तिथं टाक्या धुवायचा.

टाक्यांजवळच्या स्क्रीनसाठी प्रत्येक टाकीचं चित्र करायचं होतं. कामगार पाच राज्यांतले, म्हणून अक्षरं नाहीत, नुसते रंग: हिरवा व्हॉल्व्ह पाण्याचा, पिवळा ॲसिडचा. खऱ्या व्हॉल्व्हांवरचा रंग ॲसिडनं केव्हाच खाल्लेला. डावा कुठला, उजवा कुठला, ते चित्रावरूनच कळणार. वर कोपऱ्यात कारखान्याच्या मोठ्या साहेबांचा हसरा फोटो.

स्क्रीन जुनाट. त्याला दोनशे छप्पन्नच रंग झेपायचे, आणि जी फाइल आधी उघडेल तिचेच रंग बाकीच्या चित्रांनी वापरायचे.

"आधी व्हॉल्व्हची फाइल लावा," तेजश्री नवऱ्याला म्हणाली. दुकानातलं निम्मं डोकं तिचंच. "साहेब ठिपक्याठिपक्याचं दिसलं तर दिसू द्या."

"खुळी का काय? फ्लेक्सवर पुढाऱ्याचा गाल काळवंडला तर काय हुतं, ठावं हाय न्हवं? आधी चेहरा, मग बाकीचं."

"अहो, गालात हिरवा कुठनं यायचा? तितं माझा भाऊ हाय!"

"हे बघ की, हिरवा हिरवाच दिसतोय."

दिसणारच. दुकानातल्या कॉम्प्युटरला रंगांची ददात नव्हती.

शुक्रवारी साहेबांनी स्क्रीनला हार घातला. गाल काय तजेलदार! खाली दोन्ही व्हॉल्व्ह गव्हाळ.

"दाजी," दादासो कानाशी लागला, "दोन्ही साहेबांच्याच घरातलं वाटत्यात की!"

"हळू बोल. आज साहेब खूश हायती. सोमवारी बदलतो."

"तवर काय करू?"

"तुला म्हायती हाय न्हवं कुठला कुठला?"

"माझ्या टाकीचं हाय."

शनिवारी दुपारी त्याला दुसऱ्या टाकीवर धाडलं. तिथली जोडणी उलटी. दादासो स्क्रीनपुढं बराच वेळ उभा राहिला, असं सोबतचे सांगतात. मग त्यानं आपल्या टाकीच्या सवयीनं डावा फिरवला आणि पाण्याची धार बघायला तोंड पाइपाजवळ नेलं.

आता कुणी काय भरलं ते मांडतो. साहेबांनी काहीच नाही; फोटो अजून हसतोय. समाधानला तर वर दिवाळीच्या कॅलेंडरचं काम मिळालं. तेजश्री दुकान सोडून कळंबला माहेरी भावाच्या डोळ्यांत औषध घालत बसते. बाकी सगळं दादासोनं भरलं: डावा डोळा पुरता, आणि उजव्यातले सगळे रंग.