न चाललेल्या गोळीची घंटा

आमच्या प्रयोगशाळेच्या बोळात एक पितळी घंटा टांगलेली आहे. प्रयोग यशस्वी झाला की करणाऱ्याने ती वाजवायची, बाकीच्यांनी हातातलं काम टाकून बाहेर यायचं आणि काय सापडलं ते उभ्याउभ्या ऐकायचं. रीत चांगली आहे. फक्त फसलेल्या प्रयोगाला घंटा नाही. तो गुपचूप कपाटात जातो आणि काही वर्षांनी दुसरा कुणी शहाणा तोच प्रयोग पहिल्यापासून करतो. या गोष्टीची मला जुनी चीड आहे.

या वेळी प्रयोग माझा होता. हात थरथरण्याच्या आजारावरची गोळी. निम्म्या रुग्णांना खरी गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कुठली, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. शेवटी मोहोरबंद पाकिटं फोडली, तर थरथर दोन्हीकडे सारखीच कमी झालेली. म्हणजे गुण आला तो आशेचा, गोळीचा नव्हे.

संचालकांनी मला बोलावून दार लावून घेतलं.

"पन्नाशीच्या आतल्यांचे आकडे बरे आलेत," ते म्हणाले. "तेवढेच दाखवू."

"सर, ते मोजकेच लोक आहेत. नाणं चारदा उडवलं तर कधीकधी चारही वेळा छापाच पडतो."

"शुक्रवारी गोळी बनवणाऱ्या कंपनीची माणसं येतायत. घंटा तुम्हीच वाजवायची. बाकीचं कशाला उकरून काढता? झाकली मूठ सव्वा लाखाची."

याच माणसाने मला आकडे वाचायला शिकवलं होतं. मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

खरी अडचण घरी होती. माझ्या आईला हाच आजार आहे. तिने जन्मभर लोकांचे कपडे शिवले. आता सुईत दोरा मी ओवून देते आणि टाका चुकला की ती सुईलाच शिव्या घालते. घरचं माणूस म्हणून तिला प्रयोगात घेता आलं नाही, पण गोळी बाजारात यायची ती डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत होती.

शुक्रवारी सकाळी चहा देताना मी तिला सगळं सांगून टाकलं. तिने कप दोन्ही हातांत धरला.

"म्हणजे तू तोंड मिटून राहिलीस, तर मी ती गोळी गिळत बसणार?"

"तू आणि तुझ्यासारखे हजारो."

"आणि गुण येत नाही म्हणून स्वतःलाच दोष देणार. झाकली मूठ म्हणे. माझी मूठ झाकलेली राहते तरी का?" ती हसली आणि चहा बशीत सांडला. "हात थरथरतात माझे, डोकं नाही. जा, खरं काय ते सांगून ये."

"नोकरी जाईल, आई."

"मग बस घरी दोरे ओवत. पण खोटं बोलून आलीस, तर जेवायला वाढायची नाही."

पाहुणे प्रयोगशाळेत आल्यावर मी घंटेची दोरी जोरात ओढली. दारं उघडली. संचालक पाहुण्यांना घेऊन पुढेच उभे होते, चेहऱ्यावर हसू तयार ठेवून.

"गोळी चालत नाही," मी म्हणाले. "खरी घ्या नाहीतर बिनऔषधाची घ्या, फरक शून्य. पन्नाशीच्या आतल्यांचे चांगले आकडे कुणी दाखवले, तर तो निव्वळ योगायोग समजा. सगळे आकडे माझ्या टेबलावर आहेत, कुणीही येऊन तपासावेत."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका पाहुण्याने विचारलं, "मग घंटा कशाला वाजवलीत?"

"कारण हेही आम्हालाच सापडलंय."

संचालक माझ्या कानाशी आले. "उद्यापासून येऊ नका."

"लेखी द्या," मी म्हणाले. "कारणासकट."

कारण लिहायचं तर आकडे लिहावे लागतील, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. ते पाहुण्यांना घेऊन निघून गेले.

मी टेबलाशी येऊन बसले. थोड्या वेळाने शेजारच्या खोलीतली रक्त तपासणारी बाई आली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "दाखव आकडे." संध्याकाळपर्यंत काढून टाकल्याचा कागद काही हातात पडला नाही. उद्या मी नेहमीच्या वेळेला जाणार आहे.

घरी आईने दार उघडलं. "सांगितलंस?"

"सगळ्यांसमोर."

"बरं केलंस. आता दुसरी गोळी शोधायला लागा. मला फार दिवस थांबता यायचं नाही."

मग तिने थरथरत्या हातांनी माझं ताट वाढलं. निम्मं बाहेर सांडलं. मी मधे हात घातला नाही.