तीन महिन्यांत सुधारलेली इमारत

मातीची इमारत आपोआप सुधारत नाही. माणूसही नाही, पण तो माझा विषय नव्हे. माझं काम जुन्या इमारतींचा कंप मोजायचं. वाऱ्याने, रस्त्यावरच्या गाड्यांनी प्रत्येक इमारत किंचित थरथरत असते. ती खिळखिळी झाली की थरथर संथ होते आणि यंत्रावरचा आकडा उतरतो.

हे दुमजली दफ्तरघर तीन महिन्यांपूर्वी इतकं संथ थरथरत होतं, की आकडा आणखी उतरला तर इमारत बंद करा, असं मी लिहून दिलं होतं. मागच्या दोन खोल्यांत रखवालदारकाका आणि काकू तीस वर्षं राहत होते. इमारत बंद म्हणजे तेही बाहेर. मला वाईट वाटत होतं, पण यंत्राला वाटत नाही.

आज आकडा चढला होता. मी यंत्राला शिव्या घातल्या, बॅटरी बदलली, पुन्हा मोजलं. आकडा हटेना. दारात उभे राहून काका माझ्याकडे बघत नसल्याचं दाखवत होते. मग मी वर गेले. छतापर्यंत रचलेले जुन्या कागदांचे गठ्ठे गायब होते.

ते काकांच्या घरात सापडले. पलंगाखाली, पलंगावर, शेगडीला खेटून. काकू त्यातल्याच एकावर बसून भाजी निवडत होत्या. गठ्ठे उतरवायला दोघांना दोन महिने लागले, काका म्हणाले. छताचं पाणी भिंतीवर सोडणारी पन्हळही त्यांनी बाहेर वळवली होती, भिंत कोरडी राहावी म्हणून. मॅडमच्या यंत्राला इमारतीचं दुखणं कळू नये, एवढाच बेत. सांगून झाल्यावर त्यांनी एक गठ्ठा उचलला.

"फसवलं मी तुम्हाला. सगळं परत वर नेऊन ठेवतो."

मला भयंकर राग आला. वरचं ओझं उतरवा, भिंती कोरड्या ठेवा, म्हणून मी वीस वर्षं कचेऱ्यांना पत्रं लिहितेय. कचेऱ्या ती पत्रं गठ्ठ्यात बांधतात आणि वर ठेवतात. आणि हा माणूस तेच काम चोरून करत होता.

"एक गठ्ठा जरी वर नेलात, तर गाठ माझ्याशी आहे," मी म्हणाले.

अहवाल तिथेच बसून लिहिला आणि दोघांना वाचून दाखवला. इमारत वापरात ठेवावी. वरचा मजला रिकामा ठेवावा. देखभालीसाठी रखवालदाराने कुटुंबासह इथेच राहावं.

शेवटचं वाक्य काकांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं. मग काकूंनी सांगितलं, आणि मी तिसऱ्यांदा वाचलं.