तुडतुडे पाळणारी

हापशावर चेनेसायची बादली पुन्हा रांगेबाहेर सरकवलेली होती. तिने ती उचलून जागेवर ठेवली. पुढच्या बाईने मागे वळूनही न बघता पायाने ती परत ढकलली.

"नंबर माझा होता," चेनेसाय म्हणाली.

"तुला कसली घाई? तुझी पाळलेली पोरं कुठे पाणी पितात? त्यांना आमच्या मक्याचा रस लागतो."

बायका हसल्या. चेनेसाय बादली धरून तिथेच उभी राहिली आणि सगळ्यांचं भरून झाल्यावर पाणी घेऊन निघाली.

हरारेजवळच्या माझोवे खोऱ्यातलं हे गाव मक्यावर जगत होतं. त्या जानेवारीत पानांवर फिकट रेघा उठल्या, पोंगे पिवळे पडले आणि ताटं गुडघ्याएवढी होऊन खुंटली. रोग विषाणूचा होता. तो एका ताटावरून दुसऱ्यावर नेत होता तुडतुडा, तांदळाच्या दाण्याहूनही बारीक. आणि चेनेसाय गावाला लागून असलेल्या मका संशोधन केंद्रात नेमके हेच तुडतुडे पाळायची. जाळीच्या पिंजऱ्यांत बाजरीच्या रोपांवर त्यांना वाढवायचं, रोगट मक्यावर बसवायचं, मग काचेच्या नळीने ओढून नव्या वाणांच्या पोंग्यांत सोडायचं. एवढं होऊनही जे रोप हिरवं राहील, त्याचं बी पुढे न्यायचं. गावाने यातलं पहिलं अर्धंच ऐकलं होतं.

तिचा नवरा जोहान्सबर्गला कामाला होता. ती सासरच्या अंगणात राहायची, लेक रुवाबरोबर. पलीकडच्या झोपडीत सासू आणि थोरला दीर मुचादेई. त्या दुपारी ती चुलीवर सद्झा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, घोटत होती, तेव्हा मुचादेई दारात येऊन उभा राहिला. हातात मक्याचं रेघाळलेलं एक ताट होतं. त्याने ते चुलीपुढे टाकलं.

"ओळखतेस का, माई रुवा?" रुवाची आई म्हणून तो तिला अशीच हाक मारायचा.

"ओळखते."

"ओळखणारच. केसांत घालून आणतेस तू त्यांना घरी."

"भावोजी, तिथून निघताना मी कपडे बदलते, डोकं झाडते. पिंजऱ्यांना दोन-दोन दारं आहेत."

"मग आले कुठून? आभाळातून?"

चेनेसायने घोटणं थांबवलं नाही. "कोरड्या दिवसांत ओढ्याकाठी मका कोण लावतं? कोवळी कणसं रस्त्यावर विकायला? सगळं रान वाळलेलं असतं तेव्हा तेवढंच हिरवं असतं. तुडतुडे तिथे दिवस काढतात आणि पाऊस पडला की वर शेतांत येतात. मी दोन वर्षं सांगतेय."

ओढ्याकाठचा तो तुकडा मुचादेईचाच होता. 

"माझ्या आईच्या घरात बसून मलाच चोर ठरवतेस?"

"विचारलंत, म्हणून सांगितलं."

चुलीपलीकडे बसलेली सासू म्हणाली, "तिला जेवण वाढायला सांग आणि गप्प बस म्हणावं." सून दोन हातांवर असताना ती हल्ली मुलामार्फतच बोलायची.

मुचादेई जेवला नाही. तो गावप्रमुखाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी माणसं केंद्राच्या फाटकाशी जमली. कुदळी, काठ्या, एकाकडे कुऱ्हाड. केंद्राचे साहेब हरारेला गेलेले होते. पहारेकरी त्यांच्यातल्याच एकाचा मेहुणा होता, त्याने फाटक उघडलं आणि बाजूला जाऊन लघवीला बसला.

चेनेसाय कीटकघराच्या दारात उभी राहिली. आत पिंजऱ्यांच्या रांगा होत्या. तुडतुडे आदल्या आठवड्यातच रोगट मक्यावर बसवलेले होते. सगळे विषाणू घेऊन तयार.

"बाजूला हो," मुचादेई म्हणाला.

"मारायचेत ना तुम्हाला? मी मारते. आत गॅसची टाकी आहे. दारं लावते, गॅस सोडते, सगळे मरतील. तुमच्या डोळ्यांदेखत मारते."

ती हे साहेबांना न विचारता बोलत होती. तिची तीन वर्षांची मेहनत त्या पिंजऱ्यांत होती, नोकरीही तिथेच होती. तरी ती बोलली.

"आणि मागच्या दाराने दुसरीकडे हलवशील."

"मागे दारच नाही. येऊन बघा. मला मारायचं तर मारा, भावोजी, पण जाळ्या फाडू नका. वारा गावाकडे आहे. उशिरा पेरलेला मका आत्ता कोवळा आहे."

"बघा, अजून धमकी देतेय," मागून कोणीतरी म्हणालं.

गावप्रमुख म्हातारा होता. तो म्हणाला, "गॅसने मारू दे तिला. काय बिघडतं?" पण त्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला नाही. मुचादेईने तिच्या दंडाला धरून तिला बाजूला फेकलं. तिची कोपरं सिमेंटवर सोलली गेली. आत पहिली कुदळ पिंजऱ्यावर पडली.

जाळ्या फाटत गेल्या. बाजरीच्या कुंड्या फुटल्या. तुडतुडे पिठाच्या धुळीसारखे उठले, माणसांच्या शर्टांवर, कानांत, भुवयांवर बसले. माणसं ते झाडत, शिव्या देत बाहेर पळाली. दार उघडंच राहिलं. चेनेसायने उठून ते लावलं, गॅस सोडला आणि आत उरलेले मारले. फार थोडे उरले होते.

तीन आठवड्यांत उशिराच्या मक्यावर रेघा आल्या. केंद्राच्या कुंपणाला लागून शेत होतं मुचादेईचं. तिथे धड ताट शोधावं लागत होतं. गावाने त्याचाही अर्थ लावला. हापशावर बायका म्हणाल्या, "पाहिलंत? तिच्याच पिंजऱ्यांतले होते. आम्ही म्हणतच होतो."

नवऱ्याचा फोन आला. त्याने कोपरांचं विचारलं नाही. "दादाची माफी माग आणि नोकरी सोड," तो म्हणाला. चेनेसायने फोन ठेवला, रुवाचे कपडे बांधले आणि केंद्राच्या आवारातल्या खोलीत राहायला गेली. निघताना सासू अंगणात शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही, पण रुवाच्या ओंजळीत मूठभर शेंगा घातल्या.

साहेब हरारेहून मागेच परतले होते. तुटलेल्या पिंजऱ्यांचा शेवटचा ढीग त्यांनी बाहेर काढला. मग म्हणाले, "पुन्हा सुरू करायचं तर तुडतुडे रानातूनच पकडावे लागतील. जमेल?"

"कुठून पकडायचे, ते मला माहीत आहे," चेनेसाय म्हणाली.

ती हातजाळी घेऊन गेली. मुचादेईच्या बांधावरच्या गवतात जाळी फिरवायला लागली. तो शेतात खुंटलेला मका कापून गुरांसाठी ढीग लावत होता. विळा हातात घेऊन तो बांधापर्यंत आला.

"माझ्या शेतात पाय टाकलास तर पाय तोडीन."

"बांध वाटेचा आहे. वाट सगळ्यांची."

"अजून पोट भरलं नाही तुझं?"

"तुमचं भरेल असं ताट शोधायचंय मला. तुमच्यासाठी नाही करत. रुवाला खायला लागतं म्हणून करते."

तो नुसता थुंकला आणि परत कापायला गेला. चेनेसायने जाळीचं तोंड मुठीत धरलं, उन्हात धरून पाहिलं. सहा-सात होते. तिने ते नळीने ओढून बाटलीत सोडले, बूच लावलं आणि पुढच्या गवताकडे वळली.